खाऱ्या वाऱ्यातलं लोखंड : गेट, गज आणि पडवीच्या नोंदी

घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत चार मिनिटांवर. मध्ये सुरूची एक ओळ आणि नारळाची वाडी. लोखंड तीन ठिकाणी आहे : दहा फुटी दोनपाखी गेट, सात खिडक्यांचे गज आणि पडवीच्या पत्र्याखालच्या तीन अँगलच्या कैच्या. मागचा रंग एप्रिल २०२१ मध्ये रंगाऱ्याकडून लावून घेतला होता, रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर ऑइल पेंटचे दोन. तिसऱ्या पावसाळ्यात पोपडे सुटले. वस्तीत सगळ्यांचं हेच होतं आणि सगळे दर तीन वर्षांनी हेच पुन्हा करतात. मी शाळेत विज्ञान शिकवते, रंगकामाचा अनुभव शून्य. या वेळी काम स्वतः करायचं आणि चुकांसकट लिहून ठेवायचं ठरवलं.

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसरा झाला. पाऊस थांबलाय. आज मुख्यतः पाहणी केली.

स्क्रू ड्रायव्हरनं सगळीकडे टोचून पाहिलं. वरून धड दिसणाऱ्या रंगाखाली गंजाचे पापुद्रे आहेत. गेटची खालची आडवी चौरस पाइप बोटानं दाबली तर आत गेली. ड्रिलनं भोक पाडल्यावर त्यातून पेलाभर तपकिरी पाणी आलं. म्हणजे ही पाइप आतून सडत होती आणि आम्ही तीन वर्षं बाहेरून रंग लावून समाधानी होतो.

खिडक्यांचे गज आजोबांच्या वेळचे, १९७० च्या आसपासचे. गज जिथे चिऱ्यात शिरतात तिथे चिरा तडकलाय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, तो फुगून दगड फोडतो. बाबा म्हणाले, “त्या वेळी गिलाव्याला पुळणीची वाळू वापरली होती, बैलगाडीनं आणलेली.” पुळण म्हणजे समुद्रकिनारा, तिथली वाळू म्हणजे मिठाचं कोठार. पन्नास वर्षं ते मीठ गजांच्या टोकांना चिकटून आहे.

गजांवरचे थर खरवडताना सगळ्यात खाली शेंदरी रंग लागला. हा जुना शिशाचा प्रायमर. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून आली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. हे कोरडं घासायचं नाही आणि ब्लो लॅम्पनं जाळायचं तर अजिबातच नाही. पाणी मारून ओलं खरवडलं, खाली प्लास्टिक अंथरलं, सगळा चुरा पिशवीत बांधला. भाच्याला त्या दिवसापुरतं शेजारी पाठवलं.

२० ऑक्टोबर

चार इंची ग्रायंडर २,६५० रुपये, तारेचे कप ब्रश तीन, प्रत्येकी २२०. मास्क, गॉगल, हातमोजे मिळून ९४०.

पहिली चूक आजच झाली. कप ब्रश फिरवला की लोखंड काळपट चकचकीत होतं आणि वाटतं, निघाला गंज. दिवसभरात तीन खिडक्या झाल्या म्हणून मी खूश होते. संध्याकाळी धाकट्या भावानं साधी कानस दोनदा ओढली तर खालून तपकिरी भुकटी आली. कप ब्रश घट्ट गंज काढत नाही, त्याला पॉलिश करतो. तिन्ही खिडक्या परत कराव्या लागणार.

आणखी एक. ब्रशच्या तारा तुटून उडतात. एक तार माझ्या सुती अॅप्रनमध्ये सुईसारखी घुसलेली सापडली. गॉगल म्हणजे चष्मा नव्हे, बाजूनं बंद असलेलाच घ्या.

२७ ऑक्टोबर

६० नंबरची फ्लॅप डिस्क आणली. एक डिस्क ६० रुपयांना, एका खिडकीला तीन लागतात. ठोकायला चिपिंग हातोडी, कोपऱ्यात पटाशी. आता राखाडी लोखंड दिसतंय, पण खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके राहतात. तेवढं चालेल असं वाटलं.

दिवाळी चार दिवसांवर आली म्हणून घाई केली. खिडकी क्रमांक १, २ आणि ३ ला त्याच दिवशी रेड ऑक्साइड, बुधवारी ऑइल पेंट. दिव्यांच्या उजेडात खिडक्या नव्या दिसल्या.

१० नोव्हेंबर

नव्या राहिल्या त्या अकरा दिवस. क्रमांक ३ ही पश्चिमेची खिडकी, समुद्राच्या तोंडावरची. तिच्या रंगातून मोहरीएवढे तपकिरी ठिपके वर आलेत. ओळीनं नाही, जिथे जिथे खड्डा होता तिथेच. १ आणि २ वर कमी, पण आहेत.

शेजारचे काका कुंपणापलीकडून बघत होते. त्यांची होडी आहे, जन्म गेला समुद्रात. म्हणाले, “अगं, धुतलंस का आधी?”

“पुसलं काका, थिनरनं.”

“थिनरनं खार जातो होय? आम्ही नांगराची साखळीसुद्धा गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय रंगवत नाही. आधी खार काढ, मग रंग लाव.”

मी नववीला मिठाची विद्राव्यता शिकवते. मीठ पाण्यात विरघळतं, थिनरमध्ये नाही. हे मला काकांनी सांगावं लागलं. खड्ड्याच्या तळाशी राहिलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, रंगाच्या पापुद्र्यातूनही. मग रंगाखाली ओल तयार होते आणि गंज पुन्हा सुरू.

२४ नोव्हेंबर

मधला आठवडा निवडणुकीच्या ड्यूटीत गेला.

आज खार मोजायची सोय केली. शाळेत क्लोराइड ओळखायला वापरतो तेच सिल्व्हर नायट्रेट. चिपळूणहून तयार द्रावणाची छोटी बाटली आणली, ८५० रुपये. पद्धत अशी : इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घ्यायचं, त्यात कापसाचा बोळा भिजवून लोखंडाच्या तळहाताएवढ्या भागावर नीट फिरवायचा, बोळा स्वच्छ पेल्यात पिळायचा, विरल नायट्रिक आम्लाचा एक थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. पाणी नितळ राहिलं तर खार नाही. दुधाळ झालं तर आहे. शेजारी नुसत्या बॅटरीच्या पाण्याचा पेला ठेवायचा, म्हणजे तुलना करता येते. हातमोजे घाला. माझी दोन बोटं नंतर आठवडाभर काळी होती, मुलांनी वर्गात विचारलं.

क्रमांक ४ ची खिडकी, डिस्क मारून राखाडी केलेली : पाणी ताकासारखं पांढरं.

मग धुतली. विहिरीचं पाणी, बादलीभर, ब्रशनं घासून. पुन्हा तपासलं. तरी पांढरं. पुन्हा धुतली. तसंच. तिसऱ्या वेळी शंका आली म्हणून विहिरीच्या पाण्यातच थेंब टाकले, आणि ते लगेच गढुळलं. समुद्राला इतकी जवळ विहीर, पाणी जिभेला गोड लागतं पण त्यात मीठ आहेच. मी लोखंडाचा खार खारानं धूत होते. अर्धा दिवस गेला.

नळयोजनेचं पाणी तपासलं : हलकीशी झाक. ते धुवायला घ्यायचं आणि शेवटचा फवारा बॅटरीच्या पाण्याचा मारायचा, असं ठरलं. पाच लिटरच्या कॅनमध्ये एक खिडकी होते.

१ डिसेंबर

धुण्याची पद्धत बसली, ती सविस्तर लिहिते, कारण सगळं काम इथेच जिंकलं किंवा हरलं जातं.

एकदा धुऊन भागत नाही. मीठ गंजाच्या खाली, लोखंडाला लागून दडलेलं असतं. कोमट पाण्यानं घासून धुवा, तसंच सोडा. तासाभरात खड्ड्यांमध्ये नवा पिवळट गंज उगवतो. तो शत्रू नाही, तो जागा दाखवतो. जिथे तो पटकन आणि गडद उगवला तिथेच खार आहे. सुकल्यावर त्याच जागा डिस्कनं किंवा पॉलिश पेपरनं काढा, पुन्हा धुवा. क्रमांक ४ ला असे तीन फेरे लागले तेव्हा पेल्यातलं पाणी नितळ राहिलं. प्रत्येक फेऱ्याला गंज कमी उगवतो, हे डोळ्यांना दिसतं. शेवटच्या फवाऱ्यानंतर सुती फडक्यानं टिपून हेअर ड्रायर फिरवला.

एका खिडकीला सव्वा दिवस लागला. रंगारी हे का करत नाहीत ते समजलं. चौरस फुटाच्या भावात तीन वेळा कोण धुणार?

आता एक तुलना मुद्दाम ठेवते. ३, ४, ५ या तिन्ही खिडक्या पश्चिमेच्या भिंतीत, एकाच वाऱ्यात आहेत. ३ : न धुता, रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट, आहे तशीच सोडायची. ४ : धुऊन, तेच स्वस्त रंग. ५ : न धुता, फक्त डिस्क मारून, वर महागडा इपॉक्सीचा संच, म्हणजे बेस आणि तो घट्ट करणारा हार्डनर कालवून लावायचा रंग. बाकी चार खिडक्या धुऊन इपॉक्सी. बाबांना ३ नंबरची खिडकी अशी सोडणं पसंत नाही. “लोक काय म्हणतील, मास्तरीण बाईंची खिडकी!” त्यांना पुढच्या पावसाळ्यापर्यंतची मुदत मागितली.

१५ डिसेंबर

गेट घरी होणार नव्हतं, इतके कोपरे आहेत. टेंपोत घालून चिपळूणच्या पलीकडच्या एका ब्लास्टिंग यार्डात नेलं, तिथे दाबाच्या हवेनं कण मारून गंज काढतात. वाळूचं ब्लास्टिंग नको असं आधीच सांगितलं. वाळूच्या धुळीनं माणसाची फुप्फुसं जातात, तिथल्या पोरांच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं फक्त. तिथे कॉपर स्लॅग, म्हणजे तांब्याच्या भट्टीतल्या मळीचे कण, तेही होतं, ते वापरायचं ठरलं. ‘एसए अडीच’ पर्यंत साफ करायचं, म्हणजे जवळजवळ पांढरं लोखंड, आणि चार तासांच्या आत माझा इपॉक्सी प्रायमर लावायचा. डबा सोबत दिला होता.

२२ डिसेंबर

गेट आणायला गेले तर ते लाल. ब्लास्टिंग शुक्रवारी दुपारी उशिरा झालं, रात्रभर उघड्यावर राहिलं, सकाळी दवानं नारिंगी पडलं, आणि त्यावर त्यांनी आपल्याकडचा रेड ऑक्साइड मारून टाकला. माझा डबा बंदच्या बंद. “मॅडम, एका रात्रीत काय होतंय?” मी तिथेच कोपरा खरवडून खालचा नारिंगी थर दाखवला. वाद न घालता त्यांनी पुन्हा करून द्यायचं मान्य केलं, पण टेंपोची फेरी २,८०० रुपये माझी गेली.

या वेळी शिकले ते हे : ब्लास्टिंग सकाळीच सुरू करायला लावायचं आणि आपण समोर उभं राहायचं.

एक फायदा झाला. ब्लास्टिंगनंतर गेट खरं कसं आहे ते दिसलं. खालच्या पाइपला सात भोकं, आणि उभ्या पट्ट्या टाके मारून जोडलेल्या, सलग वेल्डिंग कुठेच नाही. दोन टाक्यांमधल्या फटीत पाणी शिरतं आणि रंग आत पोहोचत नाही. गेटवरचे सगळे तपकिरी ओघळ याच फटींतून यायचे.

२९ डिसेंबर

फॅब्रिकेटरकडे. खालची पाइप कापून तिथे ५० बाय ६ चा अँगल लावला, तोंड खाली, म्हणजे पाणी साठत नाही आणि दोन्ही बाजूंना ब्रश पोहोचतो. समुद्राकाठी खाली बंद पोकळ पाइप नकोच. वरच्या आडव्या पाइपची टोकं पत्र्यानं बंद केली. सगळे जोड सलग वेल्डिंगनं भरून घेतले. फॅब्रिकेटर म्हणाला, “ताई, रॉड दुप्पट जाईल.” जाऊ दे म्हटलं. वेल्डिंगचे उडालेले दाणे ग्रायंडरनं काढले आणि सगळ्या धारदार कडा कानशीनं गोल केल्या. ६,४०० रुपये.

५ जानेवारी २०२५

गेट दुसऱ्यांदा ब्लास्ट झालं, मी सकाळी साडेआठपासून हजर. दुपारी एकपर्यंत इपॉक्सी झिंक फॉस्फेटचा पहिला हात लागला. गेट घरी आलं.

यश इथवरच. त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता, उजेड होता म्हणून, मी क्रमांक ६ च्या खिडकीलाही तोच प्रायमर लावला.

६ जानेवारी

सकाळी खिडकी ६ चिकट, वर पांढरट मेणासारखा थर. रात्री दव पडलं. इपॉक्सीचा हार्डनर सुकायच्या आत ओल आली की हा थर येतो, आणि त्यावर पुढचा हात धरत नाही. मी घाईनं पॉलिश पेपर घेतला तर तो दोन मिनिटांत गच्च भरला आणि थर उलट रंगात दाबला गेला. आधी कोमट पाणी आणि साबण लावून धुवायचं, मग घासायचं. क्रम चुकला की काम दुप्पट होतं.

आता वेळेचं गणित मांडलं. नियम असा की लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं. माझ्याकडे ते मोजायचं यंत्र नाही, म्हणून साधी खूण : ओल्या फडक्यानं लोखंडावर पट्टा ओढायचा, पंधरा मिनिटांत सुकला तर रंग लावायचा. जानेवारीत सकाळी नऊ साडेनऊपर्यंत पट्टा सुकत नाही. आणि बारानंतर मतलई वारा संपून खारा वारा सुटतो, तो ओल्या रंगावर मीठ आणून टाकतो. म्हणजे हातात उरतात अडीच तास, तेही रविवारचे. दुपारी लावायचंच तर समुद्राच्या बाजूला ताडपत्री बांधून.

१२ जानेवारी

मिश्रणाची चूक. डब्यावर बेस आणि हार्डनरचं प्रमाण आकारमानानं दिलं होतं, मी थोडंसंच हवं म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनानं मोजलं. बेसमध्ये जड भुकटी असते, वजनाचं प्रमाण वेगळं पडतं. क्रमांक ७ चा रंग तीन दिवसांनीही नखानं उठतो. सगळा खरवडला.

आता लोणच्याच्या दोन बरण्यांवर खुणा करून घेतल्यात. ढवळून वीस मिनिटं ठेवायचं, मगच ब्रश बुडवायचा. आणि एका वेळी अर्धा लिटरपेक्षा जास्त कालवायचं नाही. (नंतरची भर : १९ तारखेला एक फोन लांबला, परत येईपर्यंत डबा गरम आणि आत पेढा.)

२६ जानेवारी

झेंडावंदन आटोपून अकराला कामाला लागले.

आज कडांचा हात. रंग ओला असताना कडेवरून मागे सरकतो, म्हणून कडा, वेल्डिंग आणि बोल्ट यांवर थर पातळ राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. पूर्ण हात देण्याआधी गोल छोट्या ब्रशनं फक्त कडा आणि जोड रंगवायचे. कंटाळवाणं काम. गेटचं एक पाखं, दीड तास.

थर मोजायला कंगव्यासारखं गेज आणलं, ३५० रुपये. ओल्या रंगात टेकवलं की कोणता दात भिजला त्यावरून मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) कळतात. माझ्या प्रायमरमध्ये घन भाग निम्मा, म्हणजे ओला १५० तर सुकल्यावर ७५. गेज लावल्यावर कळलं की ब्रशनं माझा हात जेमतेम ८० ओला बसतोय. म्हणजे ‘एक हात’ समजून मी अर्धाच देत होते. थिनर ओतलं की आणखी कमी. त्यामुळे प्रायमरचे दोन हात, मग एमआयओ, म्हणजे अभ्रकासारख्या चपट्या कणांचा मधला रंग, त्याचे दोन, शेवटी पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग. सुकल्यावर सगळं मिळून २२५ ते २५० धरलंय.

पीयू कशाला, असं भावानं विचारलं. इपॉक्सी उन्हात भुकटी होऊन हाताला लागते. वर पीयूचं छत्र हवं. त्याच्या हार्डनरची वाफ वाईट, कापडी मास्क चालत नाही, काडतूस बसवलेला घ्या.

१६ फेब्रुवारी

गेट पूर्ण. सहा खिडक्या पूर्ण, ३ तशीच.

गजांची चिऱ्यातली टोकं : भोवतालचा जुना गिलावा दोन इंच खोल कोरून काढला, आत धुतलं, प्रायमर तेवढाच आत नेला, मग नदीच्या वाळूचा गिलावा भरला. क्रमांक २ चा एक गज आत पेन्सिलीएवढा उरला होता, तो बदलला.

मधे एक प्रयोग केला. हिरड्याच्या काढ्यानं लोखंड काळं पडतं, जुनी शाई तशीच करायचे. बाजारातल्या गंजबदलाच्या बऱ्याच द्रावणांतही हिरड्यासारखं टॅनिन असतं. म्हणून हिरडा उकळून गंजक्या पट्टीवर लावला. झकास निळा-काळा थर आला. पण खाऱ्या खड्ड्यांवर आठ दिवसांत तपकिरी परत. घरातल्या, पावसापासून लांबच्या घट्ट गंजावर ठीक, बाहेर नाही.

१६ मार्च

शिमगा झाला. पडवीच्या जीआय पाइपच्या, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पाइपच्या, कठड्याला नोव्हेंबरात उरलेला ऑइल पेंट थेट मारला होता. आज तो पापडाच्या सालीसारखा हातभर लांब निघाला, खाली जस्त स्वच्छ. ऑइल पेंटमधलं तेल आणि जस्त मिळून साबण होतो, रंग सुटतो. सगळं काढून १२० च्या पेपरनं खरबरीत केलं, धुतलं आणि जस्तावर चालणारा इपॉक्सी प्रायमर लावला.

४ मे

पडवीच्या कैच्या. डोक्यावर ग्रायंडर धरायचा म्हणजे दर दहा मिनिटांनी खांदे भरून येतात. पत्रा आणि अँगल टेकतात त्या फटींत ब्रश जात नाही. तिथले जुने बोल्ट सैल करून पत्रा बोटभर उचलला, मध्ये रबरी पट्टी घातली. दोन कैच्यांना प्रायमर आणि एमआयओ झालं. तिसरी पुढच्या आठवड्यात, पीयू २० मेनंतर, परीक्षेचे पेपर तपासून झाले की.

२६ मे

ते झालं नाही. २० तारखेपासूनच पाऊस लागला आणि काल मोसमी पाऊस कोकणात दाखल झाल्याचं जाहीर झालं. मेचा शेवटचा आठवडा मी कामासाठी धरला होता, तो पाण्यात गेला. तिसरी कैची फक्त प्रायमरवर, बाकी दोन पीयूशिवाय. पडवीत ऊन थोडंच येतं, म्हणून चालेल. पण एका हातावर पुढचा हात थेट लावायची मुदत उलटली, आता ऑक्टोबरात सगळं घासून खरबरीत केल्याशिवाय पुढचा हात धरणार नाही. कैच्या आधी आणि गेट नंतर करायला हवं होतं.

२४ ऑगस्ट

बुधवारी गणपती येतील. साफसफाईच्या निमित्तानं सगळं तपासलं. तीन महिने पाऊस आणि खारं वारं खाऊन झालंय.

खिडकी ३ : सगळ्या आडव्या पट्ट्यांवर गंज, खालून ओघळ, भिंतही डागाळली.

खिडकी ५, न धुता महागडा संच : लांबून सुंदर. हात फिरवला तर फोड. एक रुपयाच्या नाण्याएवढा. सुईनं फोडला, आतून पाणी आलं. ते बॅटरीच्या पाण्यात मिसळून थेंब टाकले, दुधाळ. एकूण अकरा फोड मोजले, सगळे जुन्या खड्ड्यांवर.

खिडकी ४, धुऊन स्वस्त रंग : खालच्या पट्टीच्या कडेला चार ठिपके, चकाकी थोडी गेलेली. बाकी काही नाही.

म्हणजे ४ नंबरची खिडकी ५ पेक्षा चांगली टिकली, चौथाई पैशात. बाबांना तिन्ही खिडक्यांवरून हात फिरवायला लावला. ते ५ नंबरच्या फोडांवर थांबले आणि म्हणाले, “आणि मी तीस वर्षं रंगाची कंपनी बदलत होतो.”

धुऊन इपॉक्सी दिलेल्या चारही खिडक्या निर्दोष, ६ चा एक बोल्ट सोडला तर. गेटला दोन जागा : कडी जिथे आपटते तिथे रंग उडून गंज, आणि एका बिजागरीच्या मागे, जिथे माझा ब्रश पोहोचला नव्हता. कडीखाली रबराचा तुकडा चिकटवला.

१२ ऑक्टोबर २०२५

खर्चाचा हिशेब. हत्यारं, डिस्क २२, मास्क, तपासणीचं सामान : ६,७७०. गेटचा टेंपो दोन फेऱ्या ५,६००, ब्लास्टिंग ४,८००, फॅब्रिकेशन ६,४००. प्रायमर, एमआयओ, पीयू, थिनर, ब्रश आणि ऑइल पेंट मिळून १६,९५०. एकूण ४०,५२०. त्यातले साडेपाच हजार निव्वळ चुकांचे : टेंपोची फेरी, वजनानं कालवलेला रंग, पेढा झालेला डबा, खिडकी १ आणि २ चा पहिला रंग. दिवस चौतीस, बहुतेक अर्धे.

पुन्हा केलं तर खिडक्यांना इपॉक्सी वापरणार नाही, धुऊन झिंक फॉस्फेटचा साधा प्रायमर आणि ऑइल पेंट देईन. गेटला मात्र इपॉक्सीच, ते रोज हाताळलं जातं.

काकांनी काल गेटवर हात फिरवला आणि विचारलं, “उन्हाळ्यात धुशील ना?” नोव्हेंबर ते मे दर पंधरा दिवसांनी नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या गेटवर आणि गजांवर, असं ठरलंय. पावसाळ्यात ते काम पाऊस करतो.

आज ३ आणि ५ खरवडायला घेतल्या. ३ च्या पहिल्या धुण्याचं पाणी पेल्यात पांढरंफटक आहे. उद्या दुसरा फेरा, आणि दिवाळीच्या सुट्टीत पडवीच्या कैच्यांचा पीयू, सकाळी साडेनऊ ते बारा.